विमानाचा तोल आणि उंचीची मर्यादा

छोट्या विमानात प्रवासी कमी असले, की काहींना आपले आसन सोडून पुढे किंवा मागे बसण्याची विनंती केली जाते. अनेकांना ती कर्मचाऱ्यांची लहर वाटते. प्रत्यक्षात त्यामागे विमानाचा गुरुत्वमध्य ठरावीक पट्ट्यात ठेवण्याचा हिशोब असतो. विमान, इंधन, प्रवासी आणि सामान यांचे सारे वजन ज्या बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते, तो हा बिंदू. तो पट्ट्याबाहेर गेल्यास एकूण वजन नियमात असूनही उड्डाण धोक्याचे ठरते.

बहुतेक प्रवासी विमानांत गुरुत्वमध्य पंखांच्या लिफ्टच्या केंद्रापेक्षा थोडा पुढे असतो. त्यामुळे विमानाचे नाक खाली झुकू पाहते आणि शेपटीचा आडवा पंख खालच्या दिशेने जोर लावून ते सावरतो. हा जोर म्हणजे मुख्य पंखांवरचे जादा ओझेच. गुरुत्वमध्य मागे सरकवला तर ते ओझे हलके होते, इंधन वाचते आणि काहीसे अधिक उंचही जाता येते. एअरबस ए-३३० विमानाच्या शेपटीत इंधनाची टाकी असते ती यासाठीच. मात्र गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी विमानाची आपणहून सावरण्याची शक्ती कमी. पुढे अति झुकलेले विमान नाक उचलण्यास कुरकुरते. मागे अति झुकलेले विमान नाक खाली आणूच देत नाही.

अमेरिकेतील शार्लट विमानतळावर ८ जानेवारी २००३ रोजी नेमके हेच घडले. एअर मिडवेस्टचे बीचक्राफ्ट १९००डी जातीचे विमान धावपट्टी सोडताच नाक वर करत गेले, स्टॉल झाले आणि अवघ्या ३७ सेकंदांत एका हँगरवर कोसळले. विमानातील सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. देखभालीच्या वेळी एलिव्हेटरच्या केबलची जुळणी चुकली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची ताकद निम्म्यावर आली होती. तशाही अवस्थेत विमानाने आधीची काही उड्डाणे निर्विघ्न पार पाडली होती. त्या दिवशी मात्र ते भरलेले होते. कागदोपत्री वजन व तोल मर्यादेत होते. तपासात वजन सुमारे अडीचशे किलोंनी जास्त आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे असल्याचे आढळले. प्रवाशांना प्रत्यक्ष न तोलता सरासरी वजन धरण्याची प्रथा होती आणि ती सरासरी जुनी झाली होती. माणसे जाड झाली, तक्ते तसेच राहिले! पुढे अमेरिकी नियामकांनी प्रत्येक प्रौढ प्रवाशामागे धरायचे वजन १० पौंडांनी, म्हणजे सुमारे साडेचार किलोंनी वाढविले.

वजनाचा असाच संबंध उंचीशी आहे. वर हवा विरळ होते. इंजिनाचा जोर घटतो आणि लिफ्ट टिकविण्यास अधिक वेग लागतो. बोइंग ७३७-८०० साठी ४१ हजार फुटांची कमाल मर्यादा प्रमाणित आहे, पण काठोकाठ भरलेले विमान उड्डाणानंतर लगेच तेथवर पोहोचू शकत नाही. लांब पल्ल्याची विमाने म्हणूनच इंधन जळून हलकी होत जातील तशी टप्प्याटप्प्याने वर चढतात. छपराजवळ स्टॉलचा वेग आणि कमाल सुरक्षित वेग यांतील अंतर फारच थोडे उरते.

ते अंतर किती फसवे असते, हे १४ ऑक्टोबर २००४ रोजी दिसले. पिनॅकल एअरलाइन्सचे सीआरजे-२०० विमान प्रवाशांविना नेले जात होते. दोघा वैमानिकांनी हौसेखातर ते ४१ हजार फुटांवर, म्हणजे त्याच्या प्रमाणित कमाल उंचीवर नेले. चढण्याचा दर ऑटोपायलटवर ठरवून दिलेला असल्याने विमान चढत राहिले आणि वेग गमावत गेले. अखेर ते स्टॉल झाले, दोन्ही इंजिने बंद पडली आणि पुन्हा सुरू झालीच नाहीत. मिसुरी राज्यातील जेफरसन सिटी येथे घरांच्या मागे ते कोसळले. दोन्ही वैमानिक ठार झाले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही.

भारतात हेच गणित लेहच्या विमानतळावर रोज मांडावे लागते. तो समुद्रसपाटीपासून सुमारे १० हजार ६८० फुटांवर आहे. ऊन चढले, की तेथील विरळ हवा आणखी विरळ होते आणि दुपारी वारेही उठतात. त्यामुळे प्रवासी विमाने मुख्यतः सकाळीच ये-जा करतात आणि तेथून निघताना किती वजन घ्यायचे, हे त्या वेळच्या तापमानावर ठरते.