मूठ शिकावी लागते

यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर पहाटे जाऊन पाहा. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी ऊर फुटेस्तोवर धावणारी पोरं दिसतील, गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुली दिसतील, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून फेऱ्या मारणारे काका-काकू दिसतील. यांपैकी कुणालाही ‘हे कशासाठी?’ असं कुणी विचारत नाही. पण त्यांच्यातल्याच एखाद्या पंचविशीतल्या मुलीनं किंवा चाळिशीतल्या मास्तरांनी ‘मला बॉक्सिंग शिकायचंय’ असं म्हणावं, की घरापासून चौकापर्यंत एकच प्रश्न येतो : ‘कुणाला मारायचंय?’

हा प्रश्न विचारणारी माणसं वाईट नाहीत. बहुतेक वेळा ती काळजीनंच विचारतात. पण या प्रश्नामागे एक पक्कं झालेलं मत आहे आणि ते तपासून पाहिलं पाहिजे. जुन्या शास्त्रार्थाची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधातलं म्हणणं, त्याच्या सगळ्या बळानिशी मांडावा आणि मगच उत्तराला लागावं. त्याच रीतीनं जाऊ.

पूर्वपक्षाचे मुद्दे चार. पहिला मेंदूचा, आणि तोच सर्वांत वजनदार. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञानं १९२८ साली मुष्टियोद्ध्यांमधल्या एका विकाराचं वर्णन वैद्यकासमोर ठेवलं. डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेला माणूस दारू न पिताही दारुड्यासारखा झोकांड्या देतो, अडखळत बोलतो, विसरतो. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९८० च्या दशकापासून बॉक्सिंगवर बंदीची मागणी लावून धरली. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये संयुक्त निवेदन काढून मुलांनी आणि किशोरांनी बॉक्सिंग करू नये, असं स्पष्ट सांगितलं.

दुसरा मुद्दा स्वभावाचा. नॉर्वेत एन्द्रेसन आणि ओल्वेउस यांनी शाळकरी मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. त्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ताकदीच्या खेळांत उतरलेल्या मुलांमध्ये मारामारीसारखं वर्तन वाढलेलं आढळलं. तिसरा मुद्दा परकेपणाचा : आपली कुस्ती, आपला मल्लखांब असताना विलायती ठोसेबाजी कशाला? आणि चौथा व्यवहाराचा : मुंबई-पुण्यात ठीक आहे, पण यवतमाळात, दारव्ह्यात, घाटंजीत बॉक्सिंग शिकून करायचं काय? तेही पंचविशी-तिशी उलटल्यावर?

आता उत्तरपक्ष. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर मुष्टियुद्ध शिकणं आणि मुष्टियुद्ध लढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूढ मत त्यांना एकच समजतं आणि लढण्याचे दोष शिकण्याच्या माथी मारतं.

मेंदूपासून सुरुवात करू. मार्टलँडनं ज्यांच्याविषयी लिहिलं ते पोटासाठी लढणारे व्यावसायिक होते. त्या काळी मोठ्या लढती पंधरा फेऱ्यांपर्यंतही चालत. हौशी बॉक्सिंगची लढत आज तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. लढतीआधी डॉक्टर तपासतात, खेळाडू डगमगला की पंच आठ आकडे मोजतात, आणि गरज वाटली तर लढत तिथंच थांबवतात. हौशी बॉक्सिंग आणि मेंदूची कायमची इजा यांचा संबंध तपासणारा एक आढावा २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. असा संबंध दाखवणारा पुरावा भक्कम नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

बॉक्सिंगचे समर्थक इथंच थांबतात, आणि तिथं त्यांची चूक होते. त्याच आढाव्यानं हेही नोंदवलं आहे, की हाती असलेले अभ्यासच फारसे चांगल्या दर्जाचे नाहीत. पुढं २०१२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी ऑलिंपिक पद्धतीनं लढणाऱ्या ३० खेळाडूंच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी केली. कुणीही बेशुद्ध पडलेलं नसताना ८० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये लढतीनंतर मेंदूच्या पेशींना इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. आणखी एक भाबडी समजूत आपल्याकडे पक्की आहे : ‘हेडगार्ड घातलं की झालं.’ हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कान सुजत नाही. पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून तर २०१३ पासून ते काढूनच टाकलं गेलं. तेव्हा हौशी लढत निर्धोक आहे, असं मी म्हणणार नाही. डोक्यावर बसलेला ठोसा हा ठोसाच असतो. तो हौशी माणसानं मारला म्हणून मऊ होत नाही.

पण मग प्रश्न उरतो तो हा, की बॉक्सिंग शिकणाऱ्याच्या डोक्यावर ठोसे बसतात तरी किती? सरावाचा एक तास डोळ्यांसमोर आणा. आधी दोरीवरच्या उड्या. मग हाताला सुती पट्ट्या गुंडाळणं : मनगटाला वेढे, अंगठ्याला वेढा, बोटांच्या मधून, पुन्हा मनगटावर. मग पवित्रा : डावा पाय पुढं, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांशी. मग आरशासमोर किंवा भिंतीवरच्या आपल्याच सावलीसमोर जॅब, क्रॉस, हुक, अपरकट हे ठोसे. मग लटकवलेली बॅग आणि प्रशिक्षकाच्या हातातली पॅड. या सबंध तासात शिकणाऱ्याला कुणीही मारत नाही. ठोसा हाताचा वाटतो, पण तो निघतो मागच्या टाचेतून. तिथून कंबर वळते, खांदा वळतो आणि मूठ सगळ्यांत शेवटी पोचते. हे उमगायलाच नव्या माणसाला काही महिने लागतात. आखाड्यातला वस्ताद डाव कंबरेतून मारायला सांगतो, त्यामागचं शास्त्र हेच.

शिकणं आणि लढणं वेगळं करता येतं याचा सर्वांत मोठा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात स्कॉट न्यूमन या वकिलाला ऐन चाळिशीत कंपवात जडला. त्यानं मित्राबरोबर बॉक्सिंगचा सराव सुरू केला. त्यातूनच २००६ मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ ही संस्था उभी राहिली. तिथं रुग्ण बॅगवर ठोसे मारतात, पाय हलवतात, तोल सावरायला शिकतात. एकमेकांना मात्र कुणी स्पर्शही करत नाही. ज्यांचा मेंदूच आजारी आहे, त्यांच्यासाठी ही कला व्यायाम म्हणून निवडली जाते. मग धोका कलेत आहे, की डोक्यावर बसणाऱ्या ठोशात?

आता स्वभावाचा मुद्दा. नॉर्वेच्या त्या अभ्यासातले ‘ताकदीचे खेळ’ कोणते होते? बॉक्सिंगबरोबर कुस्ती, वजन उचलणं आणि पौर्वात्य युद्धकला. म्हणजे हा अभ्यास बॉक्सिंगविरुद्ध वापरायचा असेल तर आपल्या आखाड्याविरुद्धही वापरावा लागेल. आपण तसं करत नाही, कारण आखाड्यात वस्ताद कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे पिढ्यांच्या अनुभवानं आपल्याला ठाऊक आहे. मस्ती करणाऱ्या पोराला वस्ताद आखाड्याबाहेर काढतो. लोइक वाकाँ हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीतल्या एका बॉक्सिंग क्लबात दाखल झाला आणि तीनेक वर्षं स्वतः घाम गाळत राहिला. त्याला दिसलं ते हे, की बाहेरच्या रस्त्यावर हिंसा मोकाट होती आणि क्लबच्या दाराआत तीच ऊर्जा घड्याळाच्या, घंटेच्या, गुरूच्या शिस्तीत बांधलेली होती. नॉर्वेचा अभ्यास खोटा नाही आणि शिकागोचा अनुभवही खोटा नाही. दोन्ही एकत्र वाचले तर निष्कर्ष निघतो तो गुरू आणि वातावरण यांच्याबद्दलचा.

याच मुद्द्यावर हाडांच्या डॉक्टरांकडची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. करंगळीच्या मागच्या, तळहातातल्या हाडाची मान मोडते, त्या दुखापतीला ‘बॉक्सर फ्रॅक्चर’ म्हणतात. पण सराईत बॉक्सरला ती क्वचितच होते, कारण त्याला तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर ठोसा घ्यायला शिकवलेलं असतं. ती होते रागाच्या भरात भिंतीवर, दारावर, कपाटावर मूठ आदळणाऱ्या माणसाला. घरात भांडण झालं, निकाल वाईट लागला, पिकाला भाव मिळाला नाही, आणि मूठ गेली भिंतीवर. नाव बॉक्सरचं, हात मात्र न शिकलेल्या माणसाचा. राग प्रत्येकाच्या मुठीत असतोच. प्रश्न एवढाच, की त्या मुठीला कुणी काही शिकवलं आहे का.

परकेपणाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. हातमोज्यांचे आणि फेऱ्यांचे आजचे नियम विलायती आहेत. क्वीन्सबेरीच्या नावानं ओळखली जाणारी नियमावली १८६७ ची. पण ‘मुष्टियुद्ध’ हा शब्द आपण भाषांतरासाठी घडवलेला नाही. कंसाच्या रंगमंडपात कृष्णासमोर चाणूर उभा होता आणि बलरामासमोर मुष्टिक; ज्याचं नावच मुठीवरून पडलं तो मल्ल भागवतात आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मल्लविनोदाला स्वतंत्र जागा आहे. शिवाय वऱ्हाडानं व्यायामाच्या बाबतीत कधी दारं लावून घेतली नाहीत. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिकडे नेऊन दाखवले. आपले खेळ बाहेर नेताना ज्यांना संकोच वाटला नाही, त्यांच्या मुलखानं बाहेरचा खेळ आत घेताना बिचकू नये.

आणि या आखाड्यांनीच शिकणं व लढणं यांतला भेद आपल्याला आधी शिकवला आहे. जोर-बैठका मारायला, मल्लखांब करायला आखाड्यात जाणाऱ्या शंभरांतले किती जण दंगलीत उतरले? बाकीचे शिक्षक झाले, शेतकरी झाले, दुकानदार झाले; पाठ ताठ ठेवून म्हातारे झाले. त्यांना कुणी ‘कुणाला पाडायचंय?’ असं विचारलं नाही. आखाड्याला दिलेला हा मान बॉक्सिंगलाही द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

राहिला ‘यवतमाळात काय करायचं?’ हा मुद्दा. पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नकाशावर पाहा. उत्तरेला तो नागपूरला जातो. तिथली अल्फिया पठाण एप्रिल २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्त्से शहरात जागतिक युवा विजेती झाली. दक्षिणेला तोच रस्ता आदिलाबाद, निर्मल ओलांडून निजामाबाद जिल्ह्यात शिरतो. त्या निजामाबादची निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला जगज्जेती ठरली. आपल्याच अमरावती विभागातला, बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि विभागाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हे घडतं, तर मधल्या जिल्ह्याच्या मातीत दोष आहे असं कसं म्हणायचं?

पण मी पदकांवर थांबणार नाही, कारण पदकांची वाट वेगळी आहे. तिच्यावर लहानपणापासून, जाणत्या प्रशिक्षकाच्या आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, धोका समजून-उमजूनच जावं लागतं. मी बोलतो आहे ते दिवसभर दुकानात, कचेरीत, वर्गात बसणाऱ्या माणसांबद्दल. तिशीत, पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याला कुणाला हरवायचं नसतं. त्याला दम हवा असतो, तोल हवा असतो, आणि दिवसातला एक तास असा हवा असतो, की ज्यात मोबाइलकडे पाहताच येत नाही.

म्हणून मंडनाच्या बाजूनं काही ठोस गोष्टी सांगतो. गावोगावच्या आखाड्यांनी आणि व्यायामशाळांनी एक कोपरा मोकळा करावा. रिंगण लागत नाही. छताला एक मजबूत कडी, चिंध्या घट्ट ठासून भरलेली बॅग, दोऱ्या आणि सुती पट्ट्या एवढ्यावर सुरुवात होते. आपल्या उन्हाळ्याचा विचार करून सराव सूर्य वर येण्याआधी उरकावा. अठरा वर्षांखालच्या, केवळ आवड म्हणून शिकणाऱ्या मुलामुलींना डोक्यावर ठोसा मारणारा सराव मुळीच देऊ नये. बालरोगतज्ज्ञांचा इशारा मला तिथं पूर्ण मान्य आहे. मोठ्यांनीही आधी काही महिने कुणासमोर उभं राहू नये. पुढं इच्छा असेल तर प्रशिक्षकासमोर, ठरवून, फक्त अंगावर, हलक्या हातानं. आणि चुकून डोक्याला मार बसलाच, गरगरलं, मळमळलं, डोकं दुखलं, तर त्या दिवशीचा सराव तिथंच संपला; डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय परतायचं नाही. ‘सहन कर, मर्द आहेस ना?’ असं म्हणणारा माणूस प्रशिक्षक व्हायच्या लायकीचा नाही. मुलींसाठी वेगळा दिवस, वेगळा कोपरा नको. तीच बॅग, तीच वेळ, तोच आदर हवा.

‘कुणाला मारायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळतं. बॅगजवळ जाण्याआधी प्रशिक्षक त्याला मूठ वळून दाखवायला सांगतो. बहुतेक जण अंगठा बोटांच्या आत दाबून धरतात. प्रशिक्षक ती मूठ उघडतो, बोटं एकेक करून मिटवतो, अंगठा बाहेरून त्यांच्यावर ठेवतो, मनगट सरळ करतो आणि म्हणतो, ‘आता सैल सोड. लागेल तेव्हाच आवळ.’ आयुष्यभर आपल्याला मूठ आवळता येते असं वाटणाऱ्या माणसाला त्या क्षणी कळतं, की ती सैल ठेवायलाही शिकावं लागतं. यवतमाळच्या प्रत्येक तालुक्यात हा पहिला धडा देणारा एक तरी कोपरा असावा.