ईम गावचे दोन पाद्री

विल्यम मॉम्पेसनची कथा बहुधा अर्धीच सांगितली जाते, असे आम्हांस वाटते. इंग्लंडात डर्बीशायरमधील ईम या गावी हा तरुण अँग्लिकन पाद्री 1664 साली आला. गावकऱ्यांस तो परका. त्यांचे मन जुन्या टॉमस स्टॅन्लेपाशी. आणि त्याची जागा तर 1662 च्या धार्मिक एकरूपतेच्या कायद्यापुढे मान न तुकवल्याने गेलेली!

1665 च्या सप्टेंबरात गावात प्लेग शिरला. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तो आला, असे परंपरा सांगते. पुढच्या जूनमध्ये मॉम्पेसनच्या मनाने घेतले, की साथ बाहेर जाऊ नये म्हणून कोणीही शीव ओलांडू नये. पण त्याचे ऐकणार कोण? त्याने स्टॅन्लेस गाठले. दोघांनी मिळून लोकांस वळवले. चर्चला कुलूप लागले, प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागल्या. शिवेवर धान्य येई, त्याचे पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवीत.

आपली दोन मुले मॉम्पेसनने आधीच बाहेरगावी धाडली होती. याबद्दल त्यास बोल लावणे आम्हांस जड जाते. पत्नी कॅथरिन मात्र गावीच राहिली व ऑगस्टात दगावली. एकंदर सुमारे 260 माणसे गेली.

मॉम्पेसन पुढे ईक्रिंगला गेला. तेथील लोक प्रथम त्याला भिऊन दूर ठेवीत. नंतर मानाची पदे मिळाली; 1709 मध्ये तो वारला. स्टॅन्लेस मात्र गावातून घालवण्याची खटपट झाली. तो 1670 मध्ये ईममध्येच वारला, पदावाचून.