१८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा आणि भाषाभेदाचे तत्त्व

हिंदुस्थानातील मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासात १८७८ च्या कायद्याचा निर्देश बहुधा दडपशाहीचे एक उदाहरण म्हणून केला जातो. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य कठोरतेत नसून, मजकुराची भाषा पाहून त्याची कायदेशीर स्थिती ठरविण्यात आली, यात आहे.

तत्पूर्वी असा भेद नव्हता. मेटकाफच्या कारकीर्दीतील १८३५ चा उदार कायदा सर्व भाषांतील पत्रांना सारखाच लागू होता. इतकेच नव्हे, तर १८५७ च्या धामधुमीत कॅनिंगने वर्षापुरता केलेला परवान्याचा कायदाही इंग्रजी पत्रांना वगळणारा नव्हता. लॉर्ड लिटनच्या सरकारने १४ मार्च १८७८ रोजी ही रीत मोडली. नव्या कायद्यान्वये प्रांतिक सरकारच्या संमतीने मॅजिस्ट्रेटला देशी पत्राच्या मुद्रक-प्रकाशकांकडून मुचलका लिहून घेता येई, अनामत मागता येई आणि प्रसंगी छापखान्याचे साहित्यही जप्त करता येई. त्यावर न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. कलकत्त्याची द्वैभाषिक ‘अमृत बझार पत्रिका’ त्याच महिन्यात संपूर्ण इंग्रजी झाली. विचार तेच, लेखकही तेच. केवळ भाषा बदलताच ते कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. सरकारला भय टीकेचे नव्हते, ती टीका कोणाच्या कानी पडते याचे होते, हे यावरून उघड होते.

हा कायदा अमलात असतानाच जानेवारी १८८१ मध्ये पुण्यास ‘मराठा’ इंग्रजीत व ‘केसरी’ मराठीत निघाला. पुढच्याच वर्षी रिपनच्या कारकीर्दीत कायदा रद्द झाला. तथापि भाषेचा प्रश्न त्याबरोबर मिटला नाही. दंडसंहितेत १८७० साली घातलेले १२४-अ हे राजद्रोहाचे कलम भाषाभेद करीत नव्हते. पण १८९७ साली टिळकांवर मुंबईस खटला झाला, तेव्हा ‘केसरी’तील मराठी मजकूर न्यायालयापुढे इंग्रजी भाषांतराच्या द्वारे आला. ज्यूरीत सहा युरोपीय व तीन हिंदी गृहस्थ होते आणि निर्णयही सहा विरुद्ध तीन असाच झाला. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या प्रदीर्घ भाषणात भाषांतरांतील शब्दयोजनेवरच आक्षेप घेतले. त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

सारांश, १८७८ च्या कायद्याने देशी भाषेला उघडपणे वेगळे काढले. १८८२ नंतर कायद्याच्या शब्दांत तो भेद उरला नाही, परंतु न्यायासनासमोर मराठी लेखकाला स्वतःच्या शब्दांचा अर्थ परक्या भाषेत सिद्ध करावा लागला. मुद्रणस्वातंत्र्याचा विचार केवळ कायद्यांच्या यादीवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते.