बंद नाक आणि रात्रीचा श्वास

तोंड किंचित उघडे, डोळे जड आणि प्रश्न विचारला की दचकून उभा राहणारा असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. १८८९ साली लंडनच्या विल्यम हिल या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नेमके याच मुलाविषयी लिहिले. शाळेत डोके दुखते म्हणणारा, नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणारा, रात्री घोरणारा, तळमळणारा आणि सकाळी कोरड्या तोंडाने उठणारा मुलगा 'मठ्ठ' किंवा 'आळशी' म्हणून सोडून देऊ नये, शाळेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापूर्वी १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी नाकाच्या मागच्या बाजूला, टाळूच्या वर वाढणाऱ्या मऊ गाठींचे वर्णन केले होते. या गाठींना आपण आज अ‍ॅडिनॉइड म्हणतो. त्या वाढल्या की मुलाचे नाक बंद होते, आणि नाक बंद झाले की झोप बिघडते.

मी नागपुरात तीस वर्षे विज्ञान शिकवले. त्या काळात अशा किती मुलांना मी बाकावर उभे केले असेल याचा हिशेब मी ठेवलेला नाही. हा विचार मनात आला तो निवृत्तीनंतर, स्वत:च्याच झोपेची तपासणी झाली तेव्हा. स्कूटर चालवताना रेल्वे फाटकापाशी थांबलो असता मला झोप लागली आणि मागच्या माणसाने हॉर्न वाजवून जागे केले, हे त्या तपासणीचे निमित्त. घरी मात्र सौ. अनेक वर्षे सांगत होती, "तुमचा श्वास मधेच थांबतो, मी मोजत बसते."

या विकाराला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो त्यांच्यात श्वास आत ओढताना घशाच्या मऊ भिंती एकमेकींना चिकटतात. कागदी नळीने घट्ट सरबत जोरात ओढले की नळी चपटी होते, तसेच हे. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घोरण्याचा मोठा आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. असे तासाला तीस-चाळीस वेळाही होऊ शकते, आणि सकाळी त्यातले काहीही आठवत नाही.

विकार जुना असला तरी त्याची ओळख पटायला फार वेळ लागला. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत उभ्या उभ्या झोपणारा जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत लिहिताना हेच नाव उचलून 'पिकविकियन सिंड्रोम' असा शब्द वापरला. तो रुग्ण पत्त्यांच्या डावात हातात उत्तम पाने असतानाच झोपी गेला होता! गंमत अशी की या डॉक्टरांनी दोष दिला तो रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला. रात्री झोपेत काय घडते ते कोणी पाहिलेच नव्हते. ते पाहिले गेले १९६५ मध्ये. फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि त्यांचे सहकारी, तसेच जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो, अशा दोन गटांनी झोपलेल्या रुग्णांच्या श्वासाची नोंद घेतली आणि श्वास वारंवार थांबतो हे दाखवले. कुलो यांनी १९६९ मध्ये उपायही सुचवला. तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी बसवणे. त्याने रुग्ण बरा होई. पण गळ्यातले ते छिद्र जन्मभर सांभाळावे लागे.

ही शस्त्रक्रिया टाळू इच्छिणारा एक रुग्ण जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आला. सलिव्हन यांनी याआधी टोरांटोमध्ये कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनावर काम केले होते. घसा आतल्या बाजूला ओढला जाऊन मिटत असेल, तर नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडून तो आतूनच फुगवून ठेवता येईल, असा त्यांचा साधा तर्क होता. दाब वाढवला की श्वास सुरळीत होई आणि दाब कमी केला की श्वास पुन्हा अडे. त्या रात्री रुग्ण कित्येक तास सलग झोपला. पाच रुग्णांवरील निष्कर्ष एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर असे आणि मुखवटा रोज रात्री सिलिकोनने नाकावर चिकटवावा लागे. आज आपण ज्याला 'सीपॅप' म्हणतो त्याची ही सुरुवात.

हा दाब केवढा असतो हे वर्गात सहज दाखवता येईल. उंच ग्लासात पाणी भरा, स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंकर घाला. पहिला बुडबुडा निघतो तेव्हा तुम्ही दिलेला दाब दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. वातावरणाचा दाब याच मापात सुमारे १०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे यंत्राचा दाब त्याच्या शंभराव्या भागाएवढा. सलिव्हन यांच्या पाच रुग्णांना साडेचार ते दहा सेंटिमीटर एवढाच दाब पुरला होता.

हवा जायची ती नाकातूनच, आणि बहुतेकांची अडचण तेथेच सुरू होते. माझीही झाली. यंत्र घरी आले ते एप्रिलअखेर. पहिल्या दोन रात्री बरे वाटले. तिसऱ्या रात्री नाक चोंदले, तोंड आपोआप उघडले आणि सकाळी जीभ लाकडासारखी झाली. औषधाच्या दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब आणले. काय जादू! पाच मिनिटांत नाक उघडे. मी ते तीन आठवडे रोज टाकले. मग थेंबांशिवाय नाक उघडेनाच, आणि यंत्र कपाटात गेले. महिनाभर श्वास पुन्हा पूर्वीसारखा थांबत राहिला.

नाकात नेमके काय घडले असावे? नाकाच्या आत दोन्ही बाजूंना हाडाच्या तीन-तीन वळ्या असतात. त्यांच्यावरील श्लेष्मल त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ते रक्ताने भरले की त्वचा फुगते आणि वाट अरुंद होते. निरोगी माणसातही एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी थोडी बंद असते, आणि काही तासांनी ही पाळी बदलते. रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. आपल्याकडील स्वरोदयाच्या अभ्यासकांना चंद्रस्वर-सूर्यस्वर या नावांनी ही अदलाबदल कितीतरी आधी माहीत होती. तीवरून त्यांनी काढलेली भाकिते मात्र वेगळी गोष्ट. दुकानातले थेंब या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास उलट परिणाम होतो: असर उतरताच त्वचा आधीपेक्षा जास्त सुजते. थेंब टाकावेत तितकी त्यांची गरज वाढते.

पण मुळात नाक चोंदले का? येथे नागपूरचा उन्हाळा आला. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पण नाकाला उष्णतेपेक्षा कोरडेपणा अधिक छळतो. थोडे गणित करू. फुप्फुसात पोचणारी हवा ३७ अंशांवर बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते, म्हणजे घनमीटरला सुमारे ४४ ग्रॅम पाणी. मे महिन्याच्या रात्री खोलीत ३० अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता धरली, तर हवेत असते फक्त ९ ग्रॅम. उरलेले ३५ ग्रॅम नाक व घसा पुरवतात. आठ तासांत आपण सुमारे तीन घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे रात्रभरात शंभर ग्रॅमहून अधिक पाणी. उच्छ्वासाच्या वेळी यातला काही भाग नाक परत मिळवते, म्हणून एरवी भागते.

यंत्र लावल्यावर तोंड उघडले की हा व्यवहार बिघडतो. नाकातून आलेली हवा तोंडावाटे एकाच दिशेने वाहत सुटते आणि नाकाला परत काहीच मिळत नाही. त्वचा सुकते, चिडते, सुजते. नाक बंद झाले की तोंड अधिकच उघडते. १९९६ मध्ये रिचर्ड्स, सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवले: तोंडातून हवा गळली की नाकातील अडथळा वाढतो; थंड पाण्यावरून नेलेली हवा दिल्याने फारसा फरक पडत नाही, तापवलेल्या पाण्यावरून नेलेली हवा दिल्यास मात्र तो बराच कमी होतो.

माझ्या यंत्राला पाण्याची छोटी टाकी जोडायची सोय होती. ती मी 'उगाच कशाला' म्हणून घेतली नव्हती. शिवाय उन्हाळ्यासाठी नवा एसी घेऊन जुना कूलर अडगळीत टाकला होता! आता पुन्हा गणित पाहा. एसीच्या खोलीत २४ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्प सुमारे १० ग्रॅम. कूलरच्या खोलीत २७ अंश आणि ७५ टक्के असेल, तर १९ ग्रॅम. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणाऱ्या आपल्या आजोबांनी नाकाचा विचार केला नसेल, पण नाकाची सोय आपोआप होत होती. अर्थात कूलरच्या ताट्या कुजल्या तर बुरशी वाढते आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्याचे नाक तिनेच बंद होते.

डॉक्टरांनी थेंब बंद केले, तापणारी टाकी लावली आणि अ‍ॅलर्जीची सूज असल्याने नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. त्याचा गुण यायला दिवस लागतात. थेंबांची जादू त्यात नाही. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुवायलाही सांगितले. आमच्या पिढीला ही जलनेती. 'हठयोगप्रदीपिके'त वर्णन आहे ते सुताच्या नेतीचे. पाण्याची नेती अलीकडे रूढ झाली. यौगिक क्रियांना प्रयोगशाळेत नेण्याचे काम मात्र महाराष्ट्रात लवकर झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले, आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब दाबमापकाने मोजला. नेतीसाठी लिटरला नऊ ग्रॅम मीठ घ्यावे म्हणजे पाणी रक्ताइतके खारट होते आणि झोंबत नाही. पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाच्या पाण्यात क्वचित आढळणारा नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन जीवघेणा ठरतो.

हा विकार विरळा नाही. मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांमध्ये झोपेतील श्वासरोध आणि दिवसाची झोपाळू अवस्था दोन्ही आढळली. तुमच्या शिक्षक-खोलीत वीस पुरुष त्या वयाचे असतील, तर एखाद-दुसरा निघणारच.

माझे यंत्र जुलैत कपाटातून बाहेर आले. पावसाळा सुरळीत गेला. डिसेंबरात मात्र एका पहाटे नळीत गुडगुड आवाज येऊन नाकात पाण्याचे थेंब पडले. टाकीतून निघालेली २८ अंशांची ओली हवा घनमीटरला २७ ग्रॅम बाष्प घेऊन येत होती. खोली होती १२ अंशांवर, जेथे हवा जेमतेम ११ ग्रॅम धरते. उरलेले पाणी नळीतच दव होऊन साचले. दवबिंदू इतकी वर्षे फळ्यावर शिकवला, तो असा नाकात उतरला. आता थंडीत नळीला जुन्या स्वेटरची बाही चढवतो आणि ती दुलईच्या आतून घेतो.