कापलेला प्रवेश आणि दारिओ फो

१/ नोव्हेंबर १९६२. इटलीच्या ‘राई’ या सरकारी प्रसारण संस्थेवरील ‘कान्झोनिस्सिमा’ हा कार्यक्रम घरोघरी पाहिला जात होता. त्यातील एक विनोदी प्रवेश संस्थेने कापला. विषय होता, मजुरांच्या सुरक्षेवर खर्च करायला तयार नसलेला बांधकाम ठेकेदार. त्याच सुमारास बांधकाम मजुरांचा संघर्षही पेटलेला होता.

२/ प्रवेशाचे लेखक-नट दारिओ फो आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री फ्रांका रामे, यांनी तडजोड नाकारून कार्यक्रम सोडला. पुढे १९७७पर्यंत दूरचित्रवाणीचे दार त्यांना जवळजवळ बंदच राहिले.

३/ फो यांचा जन्म १९२६चा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. फो यांनी नभोवाणीसाठी विनोदी स्वगते लिहिली, १९५३ मध्ये मिलानच्या पिक्कोलो थिएटरात राजकीय प्रहसने गाजवली. रामे तर फिरत्या नाटकमंडळीच्या घराण्यातच वाढलेल्या.

४/ १९६८ मध्ये या दांपत्याने धंदेवाईक रंगभूमीही सोडली. प्रयोग होऊ लागले ते कामगारांच्या सभागृहांत आणि कारखान्यांत. प्रयोग संपला की प्रेक्षकांशी चर्चा रंगे.

५/ १९६९ मध्ये ‘मिस्तेरो बुफो’ आले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. रिकाम्या रंगमंचावर एकटे फो. मध्ययुगीन भटक्या विदूषकांच्या परंपरेतून, उत्तर इटलीच्या बोलींची सरमिसळ करत, ते बायबलमधील कथा गोरगरिबांच्या नजरेतून सांगत.

६/ त्याच वर्षी १२ डिसेंबरला मिलानच्या पियाझ्झा फोंताना येथील बँकेत बॉम्बस्फोट झाला. १७ जणांचा बळी गेला. संशयावरून पकडलेले रेल्वे कामगार ज्युझेप्पे पिनेल्ली तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरील खिडकीतून पडून मरण पावले. स्फोटाशी त्यांचा संबंध नव्हता. १९७०च्या ‘एका अराजकवाद्याचा अपघाती मृत्यू’ या नाटकात एक वेडा न्यायाधीशाचे सोंग घेऊन पोलिसांकडून त्यांचीच विसंगत जबानी पुनःपुन्हा वदवून घेतो. प्रेक्षक पोट धरून हसत. पण खिडकीचा प्रश्न मात्र तसाच उरे.

७/ १९७७ मध्ये ‘राई’ने ‘मिस्तेरो बुफो’ प्रक्षेपित केले, तेव्हा व्हॅटिकनने तीव्र निषेध नोंदवला. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, फो यांना साहित्याचे नोबेल मिळाले. मध्ययुगीन विदूषकांप्रमाणे सत्तेवर कोरडे ओढून पीडितांची प्रतिष्ठा जपणारा लेखक, असा निवड समितीने त्यांचा गौरव केला. १९६२ मध्ये कापलेल्या त्या प्रवेशातही फो यांनी हेच केले होते.