समुद्रापासून दूरची मासवडी

मासवडीत मासा नसतो. हरभऱ्याचे पीठ, तीळ, सुके खोबरे, कांदा आणि लसूण एवढ्यावर ती उभी राहते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव आणि नगरकडील पारनेर-संगमनेर हा तिचा खास मुलूख. जालना जिल्ह्यात आणि एकूण मराठवाड्यात तिची जवळची नातलग पाटवडी अधिक रुळलेली आहे. दोन्हींचे पीठ सारखेच शिजवतात आणि दोन्ही झणझणीत रश्श्यासोबत वाढतात. फरक सारणाचा आणि आकाराचा.

असे पदार्थ समुद्रापासून दूरच्या मुलखात का रुजले, याचे उत्तर भूगोलात आणि पंथांत शोधावे लागते. जालन्याचेच उदाहरण घ्या. जालना शहर मुंबईच्या किनाऱ्यापासून रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर आत आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आतल्या भागात पूर्णा, दुधना आणि कुंडलिका. या नद्यांतली मासेमारी भोई समाजाकडे होती, पण नद्यांचे पाणी पावसाळ्यापुरते, त्यामुळे मासाही हंगामीच. समुद्राचा मासा आठवडी बाजारात आला तो सुकट आणि सुके बोंबील या रूपात. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रेल्वेने कापूस आणि धान्याचा व्यापार वाढवला. पण बर्फाची सोय नसलेल्या काळात ताजी मासळी इतक्या लांब येणे शक्यच नव्हते.

दुसरीकडे न खाणाऱ्यांची संख्या मोठी. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मांस-मासळी सोडतो. महानुभाव पंथातही मांसाहार वर्ज्य, आणि त्या पंथाचे जाळीचा देव हे क्षेत्र जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातच आहे. जालन्याच्या व्यापारी पेठेत जैन आणि मारवाडी घरे पूर्वीपासूनची. उरलेल्यांना श्रावण असतोच. एकाच घरात आजोबा माळकरी आणि नातू खाणारा, ही स्थिती नवी नाही. अशा घरात एकाच काळ्या मसाल्याचा रस्सा दोन पातेल्यांत उकळतो. एकात मटण पडते, दुसऱ्यासोबत वड्या येतात. माळकऱ्याचे ताट त्यामुळे फिके राहत नाही.

मासवडी करणे हे कौशल्याचे काम आहे. उकळत्या पाण्यात तेल, हळद, तिखट आणि मीठ घालून बेसन घोटतात. पीठ पिठल्यापेक्षा घट्ट झाले पाहिजे, नाहीतर वडी मोडते. ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचे, त्यावर भाजलेल्या तीळ-खोबऱ्याचे सारण पसरायचे आणि फडक्याच्याच आधाराने घडी घालून कडा दाबायच्या. मधे उंच, कडेला निमुळता असा लांबट आकार येतो. तोच माशासारखा मानला जातो. मग सुरीने तिरके तुकडे कापतात. पाटवडीत सारण भरण्याऐवजी पीठ ताटात थापून वर खोबरे-कोथिंबीर भुरभुरतात, म्हणून रोजच्या धबडग्यात तीच परवडते. बेसनात सुमारे वीस टक्के प्रथिने असतात, आणि हरभरा हे इथले रब्बीचे हक्काचे पीक आहे.

किनाऱ्यावर माशाची नक्कल वेगळ्या वाटेने गेली. गोवा-सिंधुदुर्गात सोमवारी किंवा श्रावणात सुरणाची आणि नीरफणसाची कापं करतात. खाजरे सुरण आधी कोकमाच्या आंबटात ठेवतात, मग तिखट-हळद लावून रव्यात घोळवून तव्यावर परततात. रोज मासा खाणाऱ्याला त्याच्या तळणीची आणि आंबट-तिखटाची सय हवी असते. आकाराशी त्याला देणेघेणे नसते. घाटावर उलटे घडले. ज्यांच्या ताटात मासा क्वचितच पडला, त्यांनी फक्त त्याचा आकार उचलला आणि चव मटणाच्या रश्श्याची ठेवली. मासवडीला माशाचा वास यावा असा प्रयत्न कोणी केल्याचे दिसत नाही, आणि ते बरेच झाले.

मांस-मासळीची नक्कल पुढे कारखान्यातही पोहोचली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील आर्चर डॅनियल्स मिडलँड कंपनीने तेल काढलेल्या सोयापिठापासून तंतुमय प्रथिन बनवण्याची पद्धत पुढे आणली. त्यातूनच पुढे भारतीय बाजारात सोयावडी आली. मराठवाड्यात सोयाबीनचा पेरा नंतरच्या दशकांत झपाट्याने वाढला आणि जालन्याच्या शिवारातही ते खरिपाचे मोठे पीक झाले. आज जगात कारखान्यात बनणारी शाकाहारी मासळी सोया, कोंजॅक कंद आणि समुद्री शेवाळ यांवर चालते. समुद्राचा वास या शेवाळातून येतो.

महामार्गावरच्या ढाब्यांनी आणि खाणावळींनी घरची वडी गेल्या काही दशकांत थाळीत आणली. पुणे-नाशिक रस्त्यावर मासवडीच्या पाट्या लागतात. मराठवाड्यात शेवभाजीच्या जोडीला पाटवडी रस्सा मिळतो. धंद्याला ती सोयीची आहे. वड्या सकाळी थापून, कापून ठेवता येतात आणि रस्सा दिवसभर मंद आचेवर राहतो. मात्र दोन्ही आधी एकत्र केले तर वडी फुगून विरघळू लागते, म्हणून चांगल्या खाणावळीत वड्या कोरड्या वेगळ्या वाढतात, रश्श्याची वाटी शेजारी ठेवतात आणि सोबत ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी देतात.