औरस कोणाचा?

इंग्रजी कायद्यातल्या ‘लेजिटिमेट’ला मराठीत आपण ‘औरस’ म्हणतो. अनुवाद करताना मीही हा शब्द कितीदा सहज लिहून गेले. रोहित शेखर यांनी नारायणदत्त तिवारी यांच्यावर लावलेल्या खटल्यापाशी मात्र अडखळले.

‘उरस्’ म्हणजे छाती. औरस म्हणजे स्वतःच्या देहापासून झालेला. १८७२च्या पुरावा अधिनियमाचे कलम ११२ मात्र देहाकडे नव्हे, लग्नाकडे पाहत होते. वैध विवाह टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच अपवाद. मनुस्मृतीतला ‘गूढोत्पन्न’ पुत्रही असाच: बाप कोण हे ठाऊक नाही, म्हणून तो आईच्या नवऱ्याचा. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. मुलाला कोणी बेवारस ठरवू नये, म्हणून ती ढाल होती.

पण मूल मोठे होऊन स्वतःच प्रश्न विचारू लागले तर? रोहित यांचा जन्म १९७९चा. तेव्हा त्यांच्या आईचे दुसऱ्या गृहस्थांशी लग्न झालेले होते. २००८ साली ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१०मध्ये न्यायालयाने औरसपणा आणि जैविक पितृत्व या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आणि डीएनए चाचणीचा आदेश दिला. तिवारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. अखेर मे २०१२मध्ये देहरादूनच्या घरी त्यांचे रक्त घेतले गेले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. २७ जुलैला अहवाल उघडला: तेच जन्मदाते.

म्हणजे शब्दाच्या मुळाप्रमाणे रोहित तिवारींचे औरस. कायद्याच्या भाषेत मात्र दुसऱ्याचे. आपल्या एका शब्दात दोन बाप दडले आहेत.

प्रश्न मिटलेला नाही. केरळमधल्या एका तरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये औरसपणा आणि पितृत्व यांची गाठ पुन्हा बांधली: नवरा-बायकोचा संबंध अशक्य होता हे सिद्ध होत नाही, तोवर कायद्याने नवराच बाप. सक्तीच्या चाचणीने आईची आणि त्या परक्या पुरुषाची अब्रू चव्हाट्यावर येते, ही न्यायालयाची काळजी मला पटते. पण त्या ढालीमागे उभ्या असलेल्या प्रौढ माणसाला ती भिंत वाटते, हेही दिसते.

आता ‘लेजिटिमेट’ आला की मी ‘विवाहसंबंधातून जन्मलेला’ असे लिहिते. लांबते खरे, पण जे कायद्याने पाहिलेच नाही, ते पाहिल्याचा आव तरी त्यात नाही.